उजव्या कानाचा बॅन्जो

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीच्या आत कुठेतरी 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण असतं. बहुतेकांनी ते कधी दाबलेलं नसतं. ते चालू केलं की हेडफोनच्या डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळं येणारं संगीत एकत्र कालवलं जातं आणि दोन्हीकडे तेच ऐकू येतं. माझ्या फोनवर ते कायम चालू असतं. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही. सहाव्या वर्षी गालगुंड झालं, आठवड्याभरात उतरलं, आणि जाताना तेवढा एक कान सोबत घेऊन गेलं.

गेली तीन वर्षं मी पाच तारांचा बॅन्जो शिकते आहे. त्यातही ब्लूग्रास, आणि त्यातही अगदी सुरुवातीचं, १९४५ ते १९५०च्या आसपासचं. कागद समोर न घेता, रेकॉर्ड ऐकून. "एका कानानं?" असं लोक विचारतात, काही जण नुसतं डोळ्यांनी विचारतात. त्यावर माझं ठरलेलं उत्तर आहे: ज्या रेकॉर्डवरून मी शिकते, त्यांनाही एकच कान आहे.

हे अक्षरशः खरं आहे. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानांत यायला १९५८ उजाडलं. त्याआधीचं सगळं मोनो, म्हणजे पाच माणसं, पाच वाद्यं, तीन-चार गळे, सगळं एकाच वाटेनं तुमच्यापर्यंत येणार. नंतरच्या स्टिरिओ रेकॉर्डमध्ये बॅन्जो डावीकडे ठेवलेला असला की माझ्यासाठी तो बॅन्जो गावाला गेलेला असतो. मोनोचं बटण दाबून त्याला परत आणता येतं, पण ते बोलावून आणलेल्या पाहुण्यासारखं वाटतं. जुन्या रेकॉर्डमध्ये कुणी कुठे गेलेलंच नसतं.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंटकी राज्यातल्या रोझीन नावाच्या खेड्यात १९११ साली बिल मन्रो जन्मला. आठ भावंडांतला धाकटा. फिडल आणि गिटार मोठ्या भावांनी आधीच पटकावलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आलं, आणि त्यातही फार आवाज करू नकोस म्हणून आठपैकी चारच तारा लावायच्या असं त्याला बजावलं गेलं. त्याचा एक डोळा आत वळलेला होता, लहानपणी नीट दिसत नसे. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःचा बँड काढला, 'ब्लू ग्रास बॉइज', आणि पुढे त्या बँडचंच नाव सगळ्या संगीतप्रकाराला चिकटलं. १९३९पासून तो नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात वाजवू लागला. डिसेंबर १९४५मध्ये त्याच्या बँडमध्ये एकवीस वर्षांचा एक पोरगा आला, अर्ल स्क्रग्ज. तो बॅन्जो तीन बोटांनी वाजवायचा. तसं वाजवणारे त्याच्या भागात आधीही होते, पण इतकं वेगवान आणि तरीही दाणा न् दाणा मोकळा असं देशानं ऐकलं नव्हतं. मन्रो, अर्ल, गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स, या पाच जणांनी सप्टेंबर १९४६मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रण केलं. १९४८ उजाडल्यावर अर्ल आणि लेस्टर बाहेर पडले. जेमतेम सव्वादोन वर्षांचा संसार. पण आजही कुठल्याही जॅममध्ये गेलात तर लोक त्या सव्वादोन वर्षांतलंच काहीतरी वाजवत असतात.

मी मिरजेची. हे सांगितलं की जाणकार लगेच तंबोऱ्यांबद्दल विचारतात. हो, आमच्या गावात अख्खी गल्ली तंबोरे आणि सतारी बनवते. शाळेत जाता-येता भोपळे वाळत घातलेले दिसायचे. दुकानाच्या पायरीवर बसून एखादे चाचा घोडीची जवारी काढत असायचे: कानस फिरवायची, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा कानस. मान कलती करून ऐकणारी माणसं मला फार जवळची वाटायची, कारण मीही तशीच ऐकायचे. अशा गावात आईनं मला गाण्याच्या क्लासला घातलं नसतं तरच नवल. दुसऱ्या महिन्यात क्लासमधल्या बाईंना माझा कान कळला. त्या आईला म्हणाल्या, "सूर दोन कानांत तोलावा लागतो. हिला चित्रकलेला घाला." त्या वाईट नव्हत्या; त्यांना खरंच तसं वाटत होतं. आईनं वाद घातला नाही. तिनं मला तिच्या भजनी मंडळात न्यायला सुरुवात केली आणि तिथे ती माझ्या उजव्या बाजूला बसायची. आजही ती रस्त्यानं चालताना न बोलता माझ्या उजवीकडे येते.

बॅन्जो माझ्या आयुष्यात फार नंतर आला, नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आल्यावर. इथून तासाभरावर शेल्बी नावाचं गाव आहे. त्याच्याच जवळच्या फ्लिंट हिलमध्ये अर्ल जन्मला. शेल्बीतल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत २०१४ साली त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. एका रविवारी वेळ घालवायला म्हणून गेले आणि काचेमागचा बॅन्जो बघून चकित झाले. गोल कातडं आणि लांब दांडी, इतपत फोटोत पाहिलेलं होतं. पण त्याची पाचवी तार दांडीच्या टोकापर्यंत जातच नाही. तिची खुंटी दांडीच्या मध्यावर, बाजूला निघालेली असते. ही तर चिकारी! सतारीची चिकारीची खुंटी नेमकी अशीच दांडीला मध्येच फुटलेली असते, आणि काम तेच: मुख्य सुरावट चालू असताना वरचा षड्ज मधूनमधून टणत्कारत ठेवायचा.

मग एक जुना बॅन्जो विकत घेतला. कातडं आता प्लास्टिकचं असतं, बाकी सगळं ओळखीचं निघालं. घोडी आहे, ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी. पडदे आहेत. उजव्या हाताच्या दोन बोटांत धातूच्या नख्या घालायच्या, आपल्या मिझराबीच्या चुलतबहिणी, आणि अंगठ्यात तिसरी. तारा 'जी' या कॉर्डमध्ये लावलेल्या असतात. जीला सा मानलं तर मंद्र प, सा, ग, प, आणि ती चिकारी म्हणजे तार सा. हे कळल्यावर मी सगळ्या तारा नुसत्या मोकळ्या वाजवल्या आणि घरी आल्यासारखं वाटलं.

आता ऐकून बसवण्याबद्दल. बॅन्जोचे सूर लिहून ठेवायची एक पद्धत आहे, टॅब. कुठली तार, कुठला पडदा, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. अर्लनं स्वतः १९६८मध्ये असं पुस्तक काढलं. टॅबला मी नावं ठेवत नाही, ज्यांना सोयीचं आहे त्यांनी वापरावं. पण ब्लूग्रासची पहिली पिढी टॅबवर वाढलेली नाही. अर्लचे वडील बॅन्जो वाजवायचे, पण तो चार वर्षांचा असताना ते गेले. बाकीच्यांसाठी होता रेडिओ. शनिवारी रात्री ऑप्री लागायचं, गाणं एकदा कानावरून जायचं, की पुन्हा पुढच्या शनिवारी, तेही लागलं तर. मागे नेऊन ऐकायची सोय नाही. आणि तरी माणसं शिकत होती. व्हर्जिनियाच्या डोंगरांतले स्टॅन्ली बंधू तर इतके तयार, की मन्रोचं 'मॉली अँड टेनब्रुक्स' हे घोड्यांच्या शर्यतीचं गाणं त्यांनी ऐकून ऐकून उचललं आणि १९४८मध्ये रेकॉर्डही करून टाकलं. मन्रोनं ते १९४७मध्येच मुद्रित केलं होतं, पण त्याची रेकॉर्ड बाजारात आली १९४९मध्ये. नक्कल आधी, अस्सल नंतर! मन्रो चिडला यात नवल नाही. पण काही अभ्यासक म्हणतात की ब्लूग्रास हा एका माणसाचा बँड न राहता संगीतप्रकार झाला तो त्या क्षणी, कुणीतरी ते फक्त कानानं पळवलं तेव्हा. मला हे म्हणणं फार आवडतं.

त्यानंतरच्या पिढीनं रेकॉर्ड प्लेअरशी खेळ केला. तेहतीसच्या गतीची एलपी सोळाच्या गतीवर लावायची. वेग निम्मा होतो, पण सूरही अख्खं सप्तक खाली उतरतो, त्यामुळे बॅन्जो बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखा ऐकू येतो. आपलं बरं आहे, यूट्यूबवर वेग निम्मा केला तरी सूर जागचा हलत नाही. मीही तेच करते. फक्त एक सांगते: आधी वाद्य रेकॉर्डशी जुळवून घ्या, रेकॉर्ड वाद्याशी जुळत नाही म्हणून कुरकुरू नका. जुन्या रेकॉर्ड आजच्या पट्टीपेक्षा जराशा चढ्या किंवा उतरत्या असतात. ट्यूनरचं ॲप हिरवा दिवा दाखवतं आणि अर्ल मात्र त्याच्या किंचित वर बसलेला असतो. अशा वेळी ॲप बंद करायचं.

माझी पद्धत हळूहळू तयार झाली. पहिला आठवडा बॅन्जोला हातच लावायचा नाही. एकच गाणं, दिवसातून दहा वेळा, आणि दर वेळी एकाच वाद्याच्या मागे जायचं. आज फक्त बास. तो सोपा, दोन पावलं टाकत चाललेला. उद्या लेस्टरची गिटार. परवा मँडोलिनचा तो कापल्यासारखा आवाज, बासच्या दोन पावलांच्या बरोबर मधल्या फटीत पडणारा. मग फिडल. सगळ्यात शेवटी बॅन्जो, आणि तोवर त्याच्याभोवतीचं घर बांधून झालेलं असतं. मोनोमध्ये ही वाद्यं जागेनं वेगळी होत नाहीत; लक्ष देऊनच वेगळी करावी लागतात. दोन कानांच्या माझ्या मित्रांना याचा वैताग येतो. मला येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये दीडशे माणसं एकदम बोलत असताना समोरच्या मावशींचा एकच आवाज वेचून काढायचा, हे मी सहाव्या वर्षापासून करते आहे. माझ्यासाठी सगळं जगच मोनो आहे. बाईंनी ज्याला उणीव म्हटलं होतं, तो या बाबतीत पंचवीस वर्षांचा रियाज निघाला.

बॅन्जोपाशी आल्यावर पहिली भिंत वेगाची. 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' घ्या, डिसेंबर १९४९चं ध्वनिमुद्रण. १९६७च्या 'बॉनी अँड क्लाइड' सिनेमात गाडीच्या पाठलागाला जे वाजतं तेच. सेकंदाला साधारण दहा सूर. पण ते दहा सूर म्हणजे दहा वेगळ्या गोष्टी नव्हेत. अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं. आठ सुरांचा घास, तीन-तीन-दोन असा मोडलेला. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा अंगात भिनलेल्या असल्यामुळे आठ मोजायची गरज नव्हती, पण आठाचे असे तुकडे करून वजन भलत्याच ठिकाणी टाकायचं हे नवीन होतं. बोटांच्या आधी मी ते तोंडानं म्हणायला शिकले. भांडी घासताना, सिग्नलला, मीटिंगमध्ये माईक बंद करून.

दुसरी भिंत जास्त मजेची. त्याच तुकड्यात थोडं पुढे बॅन्जो ई मायनरवर जातो. तिथे मला दर वेळी काहीतरी खरखरतं ऐकू यायचं, दोन सूर एकमेकांना कोपर मारत असल्यासारखं. मित्रांकडचे टॅब बघितले, सगळीकडे ई मायनर. मी अर्ध्या वेगानं ऐकलं, पाव वेगानं ऐकलं. खरखर तिथेच. त्या दोन दिवसांत क्लासच्या बाई मला फार आठवल्या.

गुरुवारी मी जॅमला गेले. गिटारच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत दहा-बारा माणसं गोल करून बसतात, बहुतेक साठीच्या पुढची. कुणीतरी गाणं आणि पट्टी सांगतं, की सुरू. कागद कुणापुढेच नसतो. नवख्यांनी मागच्या रांगेत बसून गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत कॉर्ड धरायच्या. तुमची पाळी आली की म्होरक्या मान हलवतो, नको असेल तर तुम्ही मान हलवायची. गाणं संपवायचं असलं की तो एक पाय वर उचलतो. तिथे मँडोलिन वाजवणारे एक आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांना मी ती खरखर गुणगुणून दाखवली. ते हसले. "लेस्टर तिथे मेजर वाजवतोय, पोरी. अर्ल मायनर, लेस्टर मेजर. रेकॉर्डवर दोन्ही आहेत. तू ऐकलंस ते?"

म्हणजे बॅन्जो सा धरून आहे आणि त्याच क्षणी गिटार कोमल रे वाजवते आहे, शेजारी शेजारी. कुठल्याही शास्त्रात हे बसत नाही आणि ते काढून टाकलं तर त्या तुकड्यातला अर्धा तिखटपणा जातो. हे टॅबमध्ये नव्हतं, कारण टॅब फक्त बॅन्जोचा होता. खोलीत सगळ्यांनी मिळून काय केलं, ते रेकॉर्डवरच ऐकावं लागतं. त्या रात्री गाडी चालवत घरी येताना मी मिरजेला आईला फोन लावून हे सगळं सांगितलं. तिला मेजर-मायनर कळत नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुझा कान बरोबर होता." आणि मग भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

जॅममध्ये मात्र माझी पंचाईत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. एका कानानं आवाजाची दिशा कळत नाही. वर्तुळात सोलो कोण वाजवतंय हे मला बोटांकडे बघून शोधावं लागतं. डावीकडे बसलेला माणूस माझ्यासाठी मूकपट असतो. शिवाय बॅन्जोचं भांडं मांडीवर उजव्या बाजूला येतं, म्हणजे माझ्या एकुलत्या कानाखाली तोफ. जुने बँड हा घोळ पायांनी सोडवायचे. लेस्टर आणि अर्लच्या टीव्ही कार्यक्रमांच्या जुन्या फिती बघा: माईकभोवती सगळे जमलेले, ज्याची पाळी तो आत सरकतो, झाली की बाजूला, कुणाची मान कुणाला लागत नाही. आवाज कमी-जास्त करणारं बटण म्हणजे अंतर. हे बघून मी खुर्चीची जागा बदलायला लागले. आता गिटार माझ्या उजवीकडे असेल अशीच बसते. महिनाभरानं आजोबांनीही आपली खुर्ची उचलून उजवीकडे आणून ठेवली. विचारलं काहीच नाही.

त्या खोलीत सावळी बहुधा मी एकटीच असते. हे संगीत गोऱ्या डोंगराळ माणसांचं, असा एक समज आहे, आणि तो अपुरा आहे. बॅन्जो या देशात आणला तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी. आणि रोझीनच्या परिसरात आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक होता. पोरवयात मन्रो त्याच्या साथीला नाचांच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि त्याच्याकडून खूप शिकलो असं पुढे सांगायचा. शुल्ट्झ १९३१ साली गेला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्याचं जे काही उरलं ते दुसऱ्यांच्या कानांतून उरलं. मन्रोचं मँडोलिन ऐकताना मी कधी कधी त्यात शुल्ट्झ कुठला असेल ते शोधते. सापडत नाही, पण शोधणं सोडवत नाही.

या मार्चमध्ये कानाची तपासणी केली. डाव्याचा आलेख नेहमीप्रमाणे तळाशी. उजव्याचा आतापर्यंत सरळ असायचा, यंदा चार हजार हर्ट्झपाशी एक छोटा खड्डा आहे. ऑडिओलॉजिस्ट म्हणाली, एवढ्यात काळजीचं नाही, पण तुझ्याकडे सुटा भाग नाही. किती वेळ वाजवतेस, किती जोरात? मी खरं ते सांगितलं. तिनं वाजवू नको असं म्हटलं नाही. बुच घाल म्हणाली. वादकांसाठीचे खास बुच जोडीनं विकतात, दुसरा ड्रॉवरमध्ये नवाकोरा पडून आहे. घरी मी घोडीवर कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावते, त्यानं आवाज एकदम दबतो. इथल्या पुष्कळ बॅन्जोवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. जॅम आठवड्याआड केला. आणि दहा वेळा ऐकायचं ते आता चार वेळा ऐकते, पण त्या चार वेळांत दुसरं काहीही करत नाही. भांडी नंतर.

सध्या एक नवीन खूळ आहे. अर्ल लहान असताना तो आणि त्याचा भाऊ होरेस घराच्या दारात एकच गाणं एकदम सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराला उलट्या दिशांनी फेरी मारायचे. मागच्या बाजूला एकमेकांचा आवाज तुटायचा. पुन्हा भेट झाली की दोघं एकाच जागी आहेत का ते बघायचं. मला भाऊ नाही आणि माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणून फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते, गाणं पाऊण वेगावर लावते, त्याच्यासोबत सुरू करते, बॅन्जो गळ्यात अडकवून जिना उतरते, पार्किंगला एक वळसा घालते आणि परत खिडकीखाली येते. खाली गेल्यावर फोन अजिबात ऐकू येत नाही. उजव्या कानात बुच आणि त्याच्याखाली चिमटे लावलेला बॅन्जो, एवढंच. गेल्या रविवारी पहिल्या फेरीला अर्ल माझ्या बराच पुढे होता. तिसऱ्या फेरीला अर्ध्या मात्रेचा फरक उरला. चौथीच्या आधी तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, अजून किती वेळा? मी दोन बोटं दाखवली, आणि नख्या नीट बसवून पुन्हा जिना चढले.